पत्ते वाटणारा दुसरा कोण?

१

दसरा रविवारी झाला. सोमवारी सकाळी आठ वाजता धामणगाव बढ्याच्या आनंदी नेत्रालयात नोंदणीचे तीन कॉम्प्युटर सुरू केले आणि त्यातले दोन मुके निघाले. पडदा उजळला, कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं, पण पेशंटची जुनी फाईल काही केल्या उघडेना. मंगळवारी एक बंद. बुधवारी पुन्हा दोन. तेही ठरलेले नाहीत. काल जो धावला तो आज बसला, काल बसलेला आज धावला. ओसरीत रांग वाढत गेली. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसून राहिली. एका आजीचा मोतीबिंदू काढायचा होता, एका चालत्या कॉम्प्युटरपुढच्या रांगेत तिचा नंबर वेळेत लागलाच नाही. पिशवी पोटाशी धरून ती आल्या एसटीनं परत गेली.

गुरुवारी सत्यभामाबाई आल्या त्या विश्वस्तांच्या निरोपावरून. चौतीस वर्षं त्यांनी बुलढाण्याच्या टेलिफोन ऑफिसात काढली होती. शेवटची सहा वर्षं ब्रॉडबँडच्या तारा आणि डबे सांभाळण्यात. आता घरीच असत. आवाज इतका हलका की समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागे.

व्यवस्थापक अर्जुनरावांनी त्यांना खुर्ची दिली आणि टेबलावरचा टाईप केलेला कागद त्यांच्याकडे सरकवला. ती पोलिसांत द्यायची तक्रार होती. खाली सही तेवढी बाकी होती.

"निवृत्तीचं काम आहे हे," अर्जुनराव म्हणाले. "आमचा नेटवर्कवाला. चोवीस वर्षांचा पोरगा. ऑगस्टमध्ये अर्ज दिला त्यानं, की स्विचवर, म्हणजे सगळ्या तारा जिथं येतात त्या डब्यावर, कसलीशी सुरक्षा बसवायची, अर्धा दिवस सगळं बंद ठेवा. मी म्हटलं, पेशंट काय उपाशी ठेवू का? तर सगळ्यांसमोर म्हणाला, 'एक दिवस बंद पडल साहेब, मग समजल.' आणि पडलं! सोमवारी मी कपाटाची चावी काढून घेतली. फायलींचा सर्व्हर त्यातच, स्विच त्यातच. तरी मंगळवारी बंद. म्हणजे आत काहीतरी करून ठेवलंय त्यानं."

"तुम्ही कपाट उघडून पाहिलं?"

"मला काय कळणार त्यातलं? आज पाच वाजता सही करतो आणि माणूस ठाण्यात पाठवतो. तोवर तुम्हाला काही सापडलं तर सांगा."

सत्यभामाबाईंनी कागद न वाचताच परत ठेवला. एकदा ठाण्यात नाव गेलं की या मुलाला तालुक्यात कोणी कपाटाजवळ उभं करणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

दारातून एक आया चहा घेऊन आली. पन्नाशीची, हाडकुळी, कपाळावर मोठं कुंकू. कप ठेवताना तिचं लक्ष टेबलावरच्या कागदाकडे होतं, चहा बशीत सांडला.

"ही झुंबरबाई," ती गेल्यावर अर्जुनराव जरा अवघडून म्हणाले. "निवृत्तीची माय."

२

नोंदणीच्या खिडकीत वच्छलाबाई बसायच्या. तोंडाला विश्रांती नाही, पण बोटं त्याहून चपळ.

"या बाई, या. पाहा आमचं भूत. आज मधला अन् हा कोपऱ्यातला बंद हाय. अन् मजा सांगू? सांगून सांगून थकली, कोणी मानत नाही."

"सांगा की. मी मानीन."

"लाईट गेली का चालू होते!"

मागं औषधाच्या खिडकीतून कोणीतरी हसलं. वच्छलाबाई तिकडं वळल्या. "हास बे, हास! तुह्या गोळ्या मोजता येत नाहीत तुले, अन् मले हासून राह्यला." मग पुन्हा इकडं. "खरं सांगतो बाई. साडेनऊले लोडशेडिंग होते. आमचं इन्व्हर्टर जुनं. लाईट जाते तवा असा झटका बसते का तिन्ही कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन चालू होतात. अन् चालू झाले का तिन्ही नीट! मंग लाईट येवो न येवो, संध्याकाळपर्यंत काही होत नाही. आम्ही जाताना बंद करतो, अन् सकाळी पुन्हा तेच."

सत्यभामाबाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, नऊ वाजून दहा मिनिटं. मधल्या कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी काळ्या खिडकीत दोन शब्द टाईप केले. आकड्यांची रांग उमटली.

"तुमचे पत्ते दहानं सुरू होतात ना?" त्यांनी चालू असलेल्या तिसऱ्या कॉम्प्युटरवर तेच करून पाहिलं. तिथं दहा होतं. मधल्यावर एकशे ब्याण्णव.

"पत्ते कोणाचे वो?"

"कॉम्प्युटरचे. तुम्ही पेशंटला सकाळी नंबरची चिठ्ठी देता तसं. कॉम्प्युटर सुरू झाला की तारेवर ओरडून विचारतो, मला आजचा पत्ता कोणी देईल का? सर्व्हर एक पत्ता काढून देतो. त्या पत्त्यावर फाईल येते. आता समजा, तुमच्या ओसरीत दुसरंच कोणी चिठ्ठ्या वाटत बसलं तर?"

वच्छलाबाईंचे डोळे मोठे झाले. "तर जो आधी भेटल त्याची चिठ्ठी घेऊन पेशंट येईन. अन् खोटी असली का मी त्याले हाकलून देईन."

"तेच चाललंय. म्हणून कधी दोन बंद, कधी एक. ज्याला सर्व्हर आधी भेटला तो वाचला."

इतक्यात निवृत्ती आला. डोळे जागरणानं लाल, शर्टाची वरची गुंडी तुटलेली. नमस्कार करून तो लांबच उभा राहिला.

"मीही हेच म्हणून राह्यलो होतो मॅडम," तो म्हणाला. "कोणीतरी दुसरा डीएचसीपी जोडला. पत्ते वाटणारा. स्विचले विचारलं तर कोणत्या पोर्टातून, म्हणजे कोणत्या तारेच्या तोंडातून येते ते दोन मिनटात सांगते. पण साहेब कपाटाले हात लावू देत नाहीत."

"पत्ते वाटणाऱ्याचा स्वतःचा नंबर तर इथूनच दिसतो," सत्यभामाबाई म्हणाल्या. कारखान्यात प्रत्येक यंत्राला कायमचा चिकटवलेला बारा अक्षरांचा नंबर त्यांनी पडद्यावर आणला आणि सवयीनं मोठ्यानं वाचू लागल्या. शेवटची चार अक्षरं वाचून झाली.

त्यांनी वळून पाहिलं. निवृत्तीचा चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "आता शोधू नका. माह्यंच काम हाय थे. मीच लावलं."

३

नऊ वाजून तीस मिनिटांनी लाईट गेली. झटका बसला, पडदे काळे होऊन पुन्हा उजळले, आणि वच्छलाबाईंनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही कॉम्प्युटरांवर फाईल उघडली. निवृत्ती तोवर व्यवस्थापकांच्या खोलीत गेला होता. काचेतून अर्जुनरावांचा हात जोरजोरात हलताना दिसत होता.

सत्यभामाबाई ओसरीच्या बाकावर बसल्या. डोळे मिटले. आजूबाजूला पंखे थांबले होते आणि माणसांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. पोरानं कबूल केलं. मग मन का मानेना?

झुंबरबाई फरशी पुसत पुसत त्यांच्या पायांपर्यंत आली आणि थांबली.

"बाई, पोलीस घेऊन जातीन का हो त्याले?"

"अजून नाही. बसा थोडं."

ती बसली नाही, उकिडवी झाली. फडकं हातातच. "दोन दिसापासून जेवून नाही राह्यला. मी म्हनतो लेका, तू केलं नाही तर भेतो काऊन? आज सकाळी म्हने, माय, मी हुडकून काढतो. अन् आता म्हने मीच केलं. माह्या पोटचा हाय थो. खोटं बोलला का त्याचे कान लाल होतात. आता मी पाह्यले, लाल होते."

सत्यभामाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग अगदी साधा प्रश्न विचारला. "झुंबरबाई, तुम्ही सगळ्या खोल्या झाडता. लाईट गेली की इथं काय काय बंद पडतं?"

"आता पाहा ना. पंखे. पाण्याची थंडी मशीन. अन् जुन्या नोंदणीच्या खोलीतला देवाजवळचा बल्ब. बाकी सारं इन्व्हर्टरवर चालते."

"आणि कपाट?"

"थे कधीच नाही बंद पडत. घुर्र घुर्र चालूच राह्यते. त्याले दोन बॅटऱ्या वेगळ्या देल्या माह्या पोरानं."

सत्यभामाबाई उठल्या. जाता जाता त्यांनी वच्छलाबाईंना विचारलं, "शनिवारी खंडेनवमी होती. इथं पूजा होते?"

"मोठी! ज्याचं त्याचं हत्यार पाटावर. डॉक्टरांच्या कात्र्या, माहं स्टेपलर, सुताराची करवत. साहेबांनी नारळ फोडला अन् भाषण ठोकलं, पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या दिवशी चाललंच पाहिजे, कोणाचं पडून राह्यलं नाही पाहिजे, मी पाहीन! म्हणून मी रविवारी सुट्टीच्या दिवशी येऊन कोऱ्या कागदाले दोन पिना मारून गेली. काय करता बाई, नोकरी हाय."

४

जुन्या नोंदणीची खोली ओसरीच्या टोकाला होती. तीन वर्षांपूर्वी खिडकी पुढं नेली तेव्हापासून इथं फाटके बाक आणि देव. भिंतीतल्या फळीवर तसबिरी, वर एक बल्ब, लाईट नसल्यामुळे विझलेला. फळीवर झेंडूच्या माळा आणि आपट्याच्या पानांचा ढीग होता. पानं वाळून कुरकुरीत झाली होती, माळ मात्र आजची ताजी.

फळीखाली भिंतीत नेटवर्कचं जुनं चौकोनी तोंड होतं. खिडकी इथं असताना बसवलेलं, पुढं विसरलेलं. त्यातून एक निळी तार निघून माळांच्या आड गेली होती.

सत्यभामाबाई फळीसमोर उभ्या राहिल्या. आधी हात जोडले. मग एका बाकावर बसून लाईटीची वाट पाहिली. साडेबारा वाजता लाईट आली, बल्ब लागला आणि झेंडूच्या मागं एका जुन्या राऊटरच्या डब्यावर चार हिरवे ठिपके लुकलुकू लागले.

"हात नका लावू बाई."

दारात झुंबरबाई होती. आवाजात धाक नव्हता, विनवणी होती.

"थे निवृत्तीचं पहिलं हत्यार हाय. पहिल्या पगारात घेतलं त्यानं. इथं चारच कॉम्प्युटर होते तवा याच्यावरच चालत होतं सारं. मंग मोठी मशीन आली, अन् हे त्यानं घरी पेटीत टाकलं. खंडेनवमीले मी आनलं, पाटावर ठेवलं. साहेब म्हनले चाललं पाहिजे. निवृत्ती दसऱ्याले मामाच्या गावी गेलता. मंग मीच लावलं. त्याले लावताना हजार वेळा पाह्यलं मी. काळी तार लाईटीत, निळी तार भिंतीत. हिरवा दिवा लागला का चालू. देवाजवळ राह्यलं तर त्याचं बरं होईन म्हनून..."

ती बोलता बोलता थांबली. सत्यभामाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तिची नजर हिरव्या दिव्यांवर गेली.

"बाई," ती हळू म्हणाली, "यानंच का?"

सत्यभामाबाईंच्या तोंडाशी "नाही" आलं होतं. एवढं एक खोटं बोलावं, तार काढावी, आणि यंत्र बिघडलं होतं म्हणून सांगून मोकळं व्हावं, असं वाटून गेलं. पण देवासमोर होत्या त्या. जीभ वळली नाही.

"यानंच," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या मनात काही वाईट नव्हतं."

झुंबरबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

५

पाच वाजता अर्जुनरावांनी पेनाचं टोपण काढलं. समोर निवृत्ती मान खाली घालून उभा. सत्यभामाबाईंनी हात पुढं करून कागदावर अलगद तळवा ठेवला.

"एक प्रश्न विचारू का त्याला? निवृत्ती, तू तो डबा कुठं लावलास?"

"कपाटात. खालच्या खणात."

"आणि अजून तिथंच आहे?"

"हो."

"अर्जुनराव, लाईट गेली की तुमचं कपाट बंद पडतं?"

"छे. त्याला स्वतंत्र बॅटऱ्या आहेत."

"पण चुकीचे पत्ते वाटणारा डबा बंद पडतो. रोज साडेनऊला. लाईट गेली, तो मेला, कॉम्प्युटर झटक्यानं पुन्हा सुरू झाले, आणि आता पत्ता द्यायला एकटा सर्व्हर उरला. म्हणून सगळं नीट. वच्छलाबाई चार दिवस हे ओरडून सांगतायत, तुम्ही सगळे हसलात. डबा कपाटात असता तर लाईट जाण्यानं काहीच फरक पडला नसता. तो साध्या लाईटीवर आहे. कपाटाच्या बाहेर."

अर्जुनरावांनी निवृत्तीकडे पाहिलं. "मग हा कबूल का झाला?"

"सोमवारपासून तो शोधा शोधा म्हणत होता. मी यंत्राचा नंबर वाचला आणि तो फिरला. नंबर त्याला पाठ होता. डबा त्याचाच, घरी पेटीत ठेवलेला. पेटीतून इथं कोण आणू शकतं हे त्याला त्याच क्षणी कळलं. ज्या माणसाला तो वाचवतोय..."

"थांबा बाई. बाकीचं मी सांगतो."

दार लोटून झुंबरबाई आत आली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि टेबलापाशी जाऊन उभी राहिली. पंधरा वर्षांत ती या खोलीत फडकं किंवा कप घेतल्याशिवाय आली नव्हती. आज हात मोकळे होते.

"म्या लावलं साहेब. देवाजवळ. पोराले ठाव बी नव्हतं. काय करायचं थे माहं करा."

"माय, तू काऊन बोलली?" निवृत्ती कळवळला.

"अन् तू काऊन खोटं बोलला? मायच्यासाठी बोलला म्हनून का थे खोटं खरं झालं?" ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली आणि मग एकदम रडू लागली. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

अर्जुनरावांनी पेनाला टोपण लावलं. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला ते लावायला?" त्यांनी विचारलं. पण विचारता विचारताच त्यांचा आवाज पडला, कारण पाटासमोर नारळ हातात धरून कोण काय बोललं होतं, ते त्यांना आठवलं असावं.

झुंबरबाईनं पदरानं डोळे पुसले.

अर्जुनरावांनी तक्रारीचा कागद उचलला, दोनदा वाचल्यासारखा केला आणि खणात घातला. मग खालचा खण उघडून ऑगस्टमधला अर्ज काढला. "ही सुरक्षा म्हणतोस ती... हे होऊ दिलं नसतं तिनं?"

"नसतं साहेब." निवृत्तीनं मान वर केली. "स्विचले सांगून ठेवायचं, पत्ते वाटणारा फक्त या एका पोर्टातून येईन. तिथंच सर्व्हर हाय. बाकी कोणत्या तोंडातून कोणी पत्ता वाटाले लागलं तर आयकायचं नाही, थोच दरवाजा बंद करायचा. अन् भिंतीतले जे पोर्ट वापरात नाहीत थे आधीच बंद ठेवायचे."

"मग मी स्वतः आणून लावलं तरी चालणार नाही?"

"कोणीबी लावो. देवानं लावलं तरी."

अर्जुनराव हसले नाहीत, पण त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "रविवारी सकाळी घे अर्धा दिवस. चावी ही घे." किल्ली टेबलावरून सरकवून ते झुंबरबाईकडे पाहू लागले. "बसा बाई," एवढंच म्हणाले, आणि स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. झुंबरबाई बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

रविवारी सत्यभामाबाई पुन्हा आल्या, खरं तर गरज नसताना. नेत्रालय रिकामं होतं. निवृत्ती ओसरीत वही घेऊन उभा होता. भिंतीतलं प्रत्येक तोंड स्विचच्या कोणत्या पोर्टाला जातं ते लिहीत होता. वायरिंगच्या कंत्राटदाराच्या नकाशाप्रमाणे चौदा होती.

"चौदा कुठली?" झुंबरबाई म्हणाली. "तुह्या नकाशावाल्यानं कधी झाडू मारला का इथं?"

तिनं पदर खोचला आणि पुढं निघाली. ती दाखवी, तो लिही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर, चष्म्यांच्या कपाटामागं, पाण्याच्या मशीनच्या बगलेला. प्रत्येक ठिकाणी ती विचारी, "हे कशाले हाय? इथून काय जाते?" आणि चार वर्षं हे काम करणारा मुलगा पहिल्यांदाच आईला सांगत होता, इथून आत काय जातं, बाहेर काय येतं, कोणावर विश्वास ठेवायचा आणि कोणावर नाही, हे स्विचला कसं शिकवतात. ती मान डोलावी. काही कळे, काही सोडून देई.

स्त्रियांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेपाशी ती गुडघ्यांवर बसली. हात पलंगाखाली अंधारात घातला, भिंत चाचपली.

"लिही," ती आतून म्हणाली. "इथं एक हाय."

निवृत्ती तिच्या शेजारी फरशीवर बसला आणि त्यानं पंधरा लिहिलं.